मागल्या दारचं तळं

८ फेब्रुवारी

आज घरमालकीणबाईंनी, म्हणजे गोजराबाईंनी, माझी नेमणूक केली. पद : तळ्याचे मुख्य अभियंता. पगार नाही. पात्रता : गैरसमज.

मी महाप्याच्या एका कचेरीत बसून पंपांची आणि गाळण्यांची माहितीपुस्तकं इंग्रजीतून मराठीत आणतो. संस्कृतात एम.ए. झालेल्या माणसाला जगात फार वाटा नसतात, त्यातली ही एक. पंप मी आजवर उघडून पाहिलेला नाही. पण गोजराबाईंच्या मते ज्याने पुस्तक लिहिलं त्याला पंप येतोच. वरच्या मागल्या गॅलरीत मी टॉवेल वाळत घालत होतो, तर खालून म्हणाल्या, "मास्तर, तुमी पंपाची पुस्तकां लिवताव ना? मंग आमच्या तलावाचा काय तं करा. बगा कसा हिरवा जालाय."

मी कधी कुणाला शिकवलेलंही नाही. पण चष्मा आणि झब्बा असला की उलव्याच्या या जुन्या गावात माणूस मास्तर होतो. त्यातून माझं नाव कमळाकर, म्हणजे चक्क कमळांचं तळं. निदान नावाला जागावं म्हणून हो म्हटलं.

तळं म्हणजे घरामागचा एका मोठ्या खोलीएवढा चौकोन. दगडी पायऱ्या, काठाला दोन नारळ. शेतं विमानतळात गेली, तेव्हा घरासोबत एवढं पाणी राहिलं. त्यात गोजराबाईंचे जिताडे आहेत. जिताडा हा इकडचा मानाचा मासा. आपल्या तळ्यात वाढवायचा आणि व्याही-जावयाच्या पानात वाढायचा. मी शाकाहारी, त्यामुळे आमची ओळख फक्त सकाळी त्याची पाठ दिसते तेवढीच.

११ फेब्रुवारी

कुंदन वर येऊन गेला. गोजराबाईंचा मुलगा. जागांचे व्यवहार करतो, दोन फोन बाळगतो आणि दोन्हींवर एकाच वेळी चिडतो. पण माणूस गोड.

"सर, आईला नादाला लावू नका. चार भाडेकरू, चार गाड्या, सगळ्या रस्त्यावर उभ्या. आणि मागे हे मच्छरांचं हॉटेल. मी तर बुजवूनच टाकणार होतो."

"मग अडलंय कुठे?"

"आई अडलीय." मग जरा खालच्या आवाजात, "बहिणीचं, स्नेहलचं जमलंय ना. एप्रिलमध्ये व्याही येणार साखरपुड्याला. आईचं म्हणणं, त्यांच्या पानात आपल्याच तळ्यातला जिताडा पाहिजे. असल्या पाण्यातला मासा वाढला तर ते काय बोलतील सर? तोवर पाणी निवळलं तर राहू दे तळं. नाहीतर मासा बाजारातून आणू आणि इथे तुर्भ्यावरून डेब्रिजचे डंपर."

मी खाली उतरून गोजराबाईंना हे सांगितलं. त्या सुकट निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एप्रिल तं एप्रिल." मग सूप झटकत, "मी नवरी होऊन आली तवा सासूनं चुलीआधी मना तलाव दाखवला. बोलली, चूल कोन पन पेटवंल, हा तुना राखाचा हाय."

पाण्यासाठी इतकं थोडं बोलणारी बाई मी पाहिलेली नाही. मोर्चे काढणारे असतात, त्यांचा फोटो येतो. ही नुसती सुकट निवडते, आणि मुलाचे डंपर तुर्भ्याला थांबून राहतात.

१५ फेब्रुवारी

रविवार. उपसण्याचा दिवस.

आमच्या संस्कृत कवींना शेवाळाचं भारी कौतुक. कमळाभोवती शेवाळ असलं तरी कमळ शोभतंच, वगैरे. एकालाही ते उपसावं लागलं नव्हतं, हे आज कळलं. मच्छरदाणीचं कापड बांबूला बांधून मी काठावरून प्रयत्न करत होतो. गोजराबाई नऊवारीचा काचा मारून सरळ पाण्यात उतरल्या. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून हिरव्या गोधड्या गुंडाळाव्यात तशी त्यांनी ती साय गुंडाळत आणली. साठीच्या पुढची बाई. कंबरेला हात लावून एकदाही उभी राहिली नाही. मी दोनदा राहिलो.

"मास्तर, तुमी पुस्तकातच बरं दिसताव," म्हणाल्या.

१७ फेब्रुवारी

वरची साय गेली, पण पाणी आतून हिरवंच. मुगाच्या कढणासारखं.

माझी बायको अरुणा असती तर हसली असती. ही जागा तिनेच पसंत केली होती, तीही याच तळ्यासाठी. टॉवरमधला आमचा फ्लॅट तयार होईपर्यंत वर्षभर राहू, म्हणून आलो. फ्लॅट अजून तयार नाही. अरुणा गेल्या पावसाळ्यात गेली. मी आहे.

माझा सकाळचा क्रम तसाच आहे. पोळ्यांना बाळाबाई येतात. पीठ मी काढून ठेवतो, अरुणाच्या पितळी वाटीने, तिच्याच हिशेबाने. मला दोन पोळ्या पुरतात. बाकीच्या घेऊन मी पायऱ्यांवर बसतो आणि माशांना घालतो. टाकता टाकता चार शब्द बोलतो : लिफ्ट बसवली म्हणतात, बाळाबाईंच्या मुलीला नोकरी लागली, कालच्या आमटीत मीठ विसरलं. मासे श्रोते म्हणून उत्तम. मधे बोलत नाहीत, आणि 'हे परवाच सांगितलंत' असंही म्हणत नाहीत.

आज बाळाबाई लाटता लाटता म्हणाल्या, "सर, पीठ जरा जास्तच होतंय का?"

"असू द्या. मासे खातात."

"बरं," म्हणाल्या. बाळाबाईंचा 'बरं' फार लांबचा असतो.

२५ फेब्रुवारी

योगायोग पाहा. कचेरीत आज एका तळ्याच्या गाळणीचं माहितीपुस्तक आलं. हिरव्या पाण्याची सगळी मीमांसा, फुकटात. एका वाक्याशी अर्धा तास झटलो. शेवटी असं जमलं : 'माशांनी न खाल्लेले, पाण्यात कुजणारे उच्छिष्ट हे शेवाळवाढीचे प्रमुख कारण होय.' निशांत म्हणतो, उच्छिष्ट कुणाला कळणार नाही, 'उरलेलं अन्न' करा. हा आमचा साहेब, वयाने माझ्या निम्मा. मी म्हटलं, उच्छिष्टात जे आहे ते उरलेल्या अन्नात नाही. तरी त्याने शब्द बदललाच.

बाकी पुस्तकात ऊन, सावली, पाणी खेळतं ठेवणं असं बरंच आहे. आमच्या तळ्यावर दुपारभर ऊन असतं. गुन्हेगार सापडला असं वाटतं.

१ मार्च

सूर्यावर उपाय गोजराबाईंनी केला. नारळाच्या झावळ्या विणून अर्ध्या तळ्यावर मांडव घातला. विणताना बोटांकडे बघतसुद्धा नव्हत्या, माझ्याशी बोलत होत्या. त्यांच्या मते दोष विमानांचा. "वरून जातान नि सगली आत बगतान. नजर लागल नाय तं काय?" म्हणून मांडवाच्या कोपऱ्याला लिंबू-मिरचीही लटकते आहे. मी विज्ञानाच्या बाजूने काही बोलणार होतो, पण विमानतळाने इतकं नेल्यावर बाईंना निदान दोष देण्याचा हक्क तरी असावा.

१२ मार्च

झावळ्यांनी फरक पडला, पण थोडा. कढणाचं आता पातळ कढण झालं.

मला निवळीच्या बिया आठवल्या. गढूळ पाणी निवळीच्या बीने निवळतं, हे जुन्या ग्रंथांत ठिकठिकाणी आहे. विद्यार्थिदशेत मी त्यावर टीपही लिहिली होती. बी मात्र पाहिलं नव्हतं. आज वाशीला काष्ठौषधींच्या दुकानात मिळालं. खाकी, चपटं, जुन्या कोटाच्या बटणासारखं. दुकानदाराने विचारलं, कुणाला द्यायचंय? म्हटलं, तळ्याला. त्याने पुडी बांधली. नवी मुंबईत काही विचित्र वाटत नाही लोकांना.

१४ मार्च

अरुणाची चंदनाची सहाण काढली. मी उगाळायचं, गोजराबाईंनी बादलीत कालवून तळ्यात फिरवायचं. हात भरून आले. निवळीचं नाव घेणं सोपं, उगाळणं निराळं.

"मास्तर, द्या इकडं. तुमी मंत्र बोला, मी उगालते."

"मंत्र नाहीये याला."

"मंग बोलताव काय रोज सकालचे पायरीवर बसून?"

मी म्हटलं, असंच, काहीबाही. त्यांनी पुढे विचारलं नाही. सहाण मात्र घेतली.

१७ मार्च

पाणी निवळलं.

दुसरी पायरी दिसते, तिसरीही दिसते. आणि तिसऱ्या पायरीपाशी तो होता, मोठा जिताडा. इतके महिने मी नुसती पाठ पाहिली होती. रुप्याच्या पत्र्यावर कुणी बारीक घडणकाम करावं तसं अंग, आणि डोळा जळत्या निखाऱ्यासारखा. अजिबात हलत नव्हता. एवढा रुबाब मी फक्त एका माणसात पाहिला होता, आमच्या व्याकरणाच्या गुरुजींत. तेही असेच स्थिर असत, आणि मग एकदम अंगावर येत.

गोजराबाई काठावर उकिडव्या बसून बघत राहिल्या. "माजे सासूच्या टायमाला असाच होता पानी," एवढंच. पदराने तोंड पुसलं. घाम असावा.

आनंदाच्या भरात आज सगळ्या पोळ्या माशांना घातल्या. मी उपमा केला.

१९ मार्च

पाडवा. गुढीसोबत तळ्यालाही हळदकुंकू झालं. पोळ्या नेहमीप्रमाणे, शिवाय पुरणाची एक.

२८ मार्च

लिहायचं टाळत होतो. पाणी पुन्हा हिरवं झालं. आधीपेक्षा जास्त.

निवळी पुन्हा उगाळली. दोन दिवस बरं, मग परत तेच. शेवाळ खाली बसतं आणि खालून कुणी उठवल्यासारखं वर येतं. काय खाऊन जगतं हे, देव जाणे.

कुंदन म्हणाला, "सर, तुम्ही ट्राय केलंत. नो टेन्शन." त्याच्या सुरात दया होती, आणि हेच जास्त लागलं. तो डंपरच्या तारखा ठरवू लागला आहे. गोजराबाईंनी मांडवाची एक वाळकी झावळी काढून नवी घातली.

५ एप्रिल

सकाळी पायऱ्यांवर पोचलो तर मासे वरच होते. सगळे. पाण्याबाहेर तोंडं काढून आ वासत होते. तळ्यातले बारके चिलापी मासे तर होतेच, पण मोठा जिताडाही तिरका होऊन काठाशी आला होता. रुबाब गेलेला. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसासारखा. ते तोंड मला ओळखीचं वाटलं. हवा पुरत नसली की माणूस असंच करतो.

मी ओरडलो. आजवर या घरात मी ओरडलेलो नाही.

गोजराबाई आल्या आणि तशाच पाण्यात उतरल्या. दोन्ही हातांनी पाणी वर उडवायला लागल्या. मीही उतरलो, झब्ब्यासकट. "पंप!" मी म्हटलं. "पाणी उंचावरून पडलं पाहिजे, त्यात हवा मिसळते." पुस्तकातलं वाक्य. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाच्या उपयोगी पडत होतं.

कुंदनने साइटवरचा पंप आणला. बनियनवर, दोन्ही फोन घरात टाकून. पाइपाला त्याने भराभर भोकं पाडली, पाइप नारळाला बांधला. पंप सुरू झाला, पाणी कारंज्यासारखं पडलं. आम्ही तिघे बघत राहिलो. मग घरघर झाली आणि पंप थांबला.

"जाम झाला," म्हणत कुंदनने दोरीने पंप वर ओढला. तळाची जाळी लिबलिबीत लगद्याने भरली होती. पांढरट. त्याने बोटाने काढलं. "हे काय? पीठ?"

लगद्यात एक तुकडा आख्खा होता. त्यावर तव्याचे डाग अजून शाबूत होते.

मी काही बोलायच्या आत गोजराबाईंनी ती जाळी त्याच्या हातातून घेतली. "कचरा हाय. वाऱ्यानं पडतं काय काय. धू नि लाव."

कुंदनने तुकड्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "हां. कचरा."

बाळाबाई मागल्या दारात पिठाचे हात घेऊन उभ्या होत्या. त्या आत गेल्या.

दुपारपर्यंत पंप चालला. जिताडा खाली गेला. मेले ते चार चिलापी.

६ एप्रिल

कचेरीला गेलो नाही.

उच्छिष्ट. शब्द मीच बसवला होता, आणि तो चांगला आहे की नाही यावर निशांतशी भांडलो होतो. अर्थाशी गाठ पडली नाही. आमच्या गुरुजींनी कान धरला असता.

पण मला उलगडत नाही ते वेगळंच. गोजराबाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी थेट पायऱ्यांवर उघडते. रोज सकाळी त्या तिथे चहा ठेवतात. म्हणजे त्यांना पोळ्या दिसत होत्या, कितीतरी महिने. एक शब्द टाकला असता तर काम झालं असतं. भाडेकरूला पाण्यात कचरा टाकू नको म्हणायला कुणाची चोरी? त्याऐवजी त्या शेवाळ उपसत राहिल्या, झावळ्या विणत राहिल्या, विमानांना नावं ठेवत राहिल्या. सासूने हाती दिलेलं तळं, त्यावर डंपर यायची वेळ आली तरी. आणि मला मुख्य अभियंता केलं.

संकोच असेल. मी मास्तर पडलो ना त्यांच्या लेखी. दुसरं काय असणार?

७ एप्रिल

पीठ काढायला गेलो. पितळी वाटी डब्यातच असते. दोनदा भरली आणि थांबलो. पुढे हात आपोआप जात होता. झाकण लावायला बराच वेळ लागला. झाकण जड नव्हतं.

बाळाबाईंनी परात पाहिली. माझ्याकडे पाहिलं. पोळ्या लाटल्या, तवा उतरवला, ओटा पुसला. नेहमीपेक्षा सावकाश पुसला.

"झालं सर," म्हणाल्या. मग दारातून, "उद्या पण एवढंच?"

"एवढंच."

"बरं." हा 'बरं' जवळचा होता.

मागल्या दारी गेलो नाही. हातात काही नसताना तिथे जाऊन करायचं काय?

१८ एप्रिल

कुंदन साइटवरून आल्यावर रोज पंप लावतो. बोलणी डंपरची, आणि हात मात्र पाइपात. गोजराबाईंनी तळाचा गाळ बादलीबादलीने काढून नारळांना घातला. मी शेवटची निवळी उगाळली. पाणी निवळलं. या वेळी फुशारकी नाही, नुसतं लिहून ठेवतो. चार दिवस झाले, तसंच आहे.

संध्याकाळी उपसायला खाली जातो. सकाळी नाही. सकाळी खिडकीतून गोजराबाईंची चहाची वाफ दिसते. त्या बाहेर बघत असतात, काय ते कळत नाही. पायऱ्या तर रिकाम्याच असतात.

२६ एप्रिल

रविवार. साखरपुडा.

उरणचे व्याही आले. पांढरी टोपी, ऐन साठीतले गृहस्थ. पुढच्या दाराने स्वागत झालं, पण बाहेर येऊन ते थेट मागे गेले. पायरीवर उभे राहून आत पाहिलं. तळाचा दगड दिसत होता.

"आमच्याकं पन होता असा," म्हणाले. "बुजवला. आथां तिकडं स्कूटरी लावतान." मग कुंदनच्या पाठीवर हात ठेवून, "तू ठेवलास. बरा केलास."

कुंदनने माझ्याकडे पाहिलं. मी नारळाकडे पाहिलं. तो म्हणाला, "हो ना. ठेवायलाच पाहिजे," आणि अख्ख्या मंडळींना पंपाचं कारंजं चालू करून दाखवलं. पाइपाला पाडलेल्या भोकांचं सविस्तर वर्णन झालं. थोड्या वेळाने एका फोनवर कुणाला तरी सांगत होता, "नाय रे, ते डंपर कॅन्सल कर. घरचंच तळं आहे, बुजवतं का कोण?"

जिताडा पानात पडला. तोच, मोठा. ज्याचा जीव वाचवायला मी झब्ब्यासकट उतरलो त्याच्या तुकड्या व्याह्यांनी मागून घेतल्या. मला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं, वेगळ्या चुलीवरचं. गोजराबाई वाढायला आल्या तेव्हा म्हटलं, "वाचवून शेवटी खाल्लाच."

"मंग? मरून पडला असता तं कुत्र्यानी खाल्ला असता. मानानं गेला." आणि बिरडं वाढत, "बारकी हायत अजून. राखाची हायत."

वाद घालण्यासारखं काही नव्हतं. एवढ्या स्वच्छ शब्दांत सांगायला आमच्या पंडितांना अध्याय लागतो.

२७ एप्रिल

आज सकाळी गेलो. का ते माहीत नाही. स्नेहलचं नीट झालं, कुंदन सुधारला, व्याही काय म्हणाले, हे सगळं सांगायचं साचलं होतं. पायऱ्यांपर्यंत गेलो आणि उभाच राहिलो. पाण्यात बारके जिताडे फिरत होते. हात कुठे ठेवावेत ते कळेना.

खिडकीतून गोजराबाई म्हणाल्या, "मास्तर, आज हात रिकामाच?"

"हो. आता रोज रिकामाच."

त्या बाहेर आल्या. चहाचा कप माझ्या शेजारी पायरीवर ठेवला आणि परत वळल्या.

"मंग बसा ना," जाता जाता म्हणाल्या. "बोलाला भाकरी लागत नाय."

दार त्यांनी ओढून घेतलं. खिडकीही लावली. मी बसलो.